पंचांनी मान डोलावली

"पंचांनी जरा मागे व्हायचंय," टीव्ही वाहिनीची दिग्दर्शिका नंदिनी सबनीस म्हणाली. "अजून. अजून थोडं. हां, बस."

तिनं खाली वाकून गालिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावली. "शूटिंग चालू असताना या पट्टीच्या पुढे नाही यायचं, सर. वरच्या दिव्यांनी तुमची सावली टेबलावर पडते. आणि मागच्या कॅमेऱ्यात नुसती तुमची पाठ येते."

"पण खेळाडूचा हात चेंडूच्या वरून जात असेल तेव्हा मला जवळ जावं लागतं," मी म्हणालो. "तसा नियम आहे."

हे मी बहुधा फार हळू म्हणालो असेन, कारण ती तोवर दिवेवाल्याकडे वळली होती. उत्तर उल्हासनं दिलं. तो विजेत्यांच्या फलकाच्या काचेत बघून गळ्यातला काळा बो सरळ करत होता.

"वामनची काळजी करू नका हो, सबनीस मॅडम. तो आयुष्यात कुणाच्या आड आलेला नाही."

सगळे हसले. मीही हसलो. मला ती शाबासकी वाटली.

उल्हास दिघे माझा जुना मित्र. तो विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, मी एका कॉलेजात ग्रंथपाल. आमच्या जिमखान्यात वाचनालय आणि बिलियर्ड्सची खोली यांच्यामध्ये एक काचेचं दार होतं. मी वाचायला जात असे आणि हळूहळू पुस्तक मिटून दारातून खेळच बघत बसे. एका संध्याकाळी उल्हासनं दार उघडलं. म्हणाला, "अहो, आत येऊन बघा की. रोज काचेवर तुमच्या नाकाचा ठसा उमटतो." मी आत गेलो तो तिथलाच झालो. खेळायला मला कधी जमलं नाही. क्यूच्या काठीनं नेम धरला की हात कापायचा. पण नियम मला पाठ झाले. उल्हासनंच मला पंचांच्या परीक्षेला बसवलं. ते काम मला मानवलं. पांढरे हातमोजे घालायचे, चेंडू पुसून त्याच्या जागी ठेवायचा, गुण सांगायचे. सामना संपल्यावर पंच कुणाला आठवू नये, अशी अपेक्षा असते. मला ती पुरी करायला फारसे कष्ट पडले नाहीत.

तेव्हा केबलवर विलायतेतले स्नूकरचे सामने दिसायला लागून काही वर्षं झाली होती. ज्या खेळाला आमच्या खोलीत चार म्हातारे आणि एक चहावाला एवढेच प्रेक्षक, तो खेळ लोक घरी जेवता जेवता बघत होते. आमच्या शेजारच्या काकू मला जिन्यात अडवून विचारायच्या, "टिपणीस, गुलाबीला सहा गुण आणि काळ्याला सात, बरोबर ना?" मग एका नव्या मराठी वाहिनीनं ठरवलं, की आपणही एक स्पर्धा भरवायची आणि दाखवायची. जिंकणाऱ्याला वाहिनी इंग्लंडला पाठवणार होती. तिथे सहा महिने राहायचं, व्यावसायिक खेळाडूंबरोबर सराव करायचा, त्यांच्या स्पर्धांसाठी पात्रता सामने खेळायचे. शिवाय पुढच्या वर्षभर पडद्यावर त्याचाच चेहरा.

अंतिम सामना आमच्याच जिमखान्यात ठेवला, आणि त्यात उल्हास होता. समोर मिरजेचा रियाज मुजावर. पंचविशीच्या आतला, बारीक, बोलताना नजर खाली. मिरजेत बसस्टँडच्या मागे एका स्नूकर पार्लरमध्ये तो शिकला होता. भाड्याच्या जाकिटाची मागची पट्टी ढिली होती म्हणून नंदिनीच्या सहायकानं तिथे टाचणी लावून दिली होती.

"काय मुजावर," उल्हास त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "मिरजेचे ना तुम्ही? सतारीच्या तारा लावता तसं आम्हाला पिळून काढू नका."

"नाही सर. तुम्हीच ताणणार मला."

"बरं, एक सांगून ठेवतो. आमच्या खोलीची रीत आहे. चेंडूला बाही लागली, बोट लागलं, तर खेळणाऱ्यानं आपणहून 'लागलं' म्हणायचं, क्यू टेकवायचा आणि जाऊन बसायचं. पंचांनी बघितलेलं असो वा नसो. आणि समोरच्यानं तक्रार करायची नाही. ज्याचं त्यानं सांगायचं."

रियाज हसला. "आमच्याकडे उलटं आहे सर. समोरचाच ओरडतो, लागलं लागलं! लागायच्या आधीच."

"मग?"

"तुमचं चांगलं आहे. तसंच करू."

ही रीत उल्हास नुसती सांगत नव्हता. कित्येक वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, जिंकायला दोन फटके उरलेले असताना, तो एकाएकी सरळ झाला होता आणि "लागलं" म्हणून खुर्चीत जाऊन बसला होता. पंचाला दिसलं नव्हतं, प्रतिस्पर्ध्याला दिसलं नव्हतं. ते विजेतेपद गेलं. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला, नलिनीला, म्हणालो होतो, "आज मी एक माणूस बघितला." ती म्हणाली, "इतके दिवस काय बघत होतात?"

सामना सकाळी सुरू झाला. दिव्यांचा उकाडा भयंकर होता. नेहमी अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टात खेळणारा उल्हास पूर्ण बाह्यांच्या कडक पांढऱ्या शर्टात अवघडला होता. मनगटाशी रुंद कफ होते, आणि ते तो सारखे मागे सारत होता. मध्येच नंदिनी सगळं थांबवायची, कुणीतरी येऊन दोघांच्या कपाळाला पावडर लावायचं. "लोक रिमोट हातात घेऊन बसलेले असतात, सर," ती म्हणे. "क्रिकेटमध्ये धावपळ तरी दिसते. इथे नुसता माणूस विचार करतो."

"मग विचार करणारा माणूस दाखवा ना जवळून," उल्हास म्हणाला. "देखणा असतो तो."

ती खूश झाली. त्यानंतर तिचा एक कॅमेरा उल्हासच्या मागे मागेच राहिला.

दुपारपर्यंत दोघांची बरोबरी झाली आणि शेवटचा डाव आला. त्यात रियाज पुढे होता. टेबलावर तीनच रंगीत चेंडू उरले होते: निळा, गुलाबी, काळा. तिन्ही ओळीनं टेबलाच्या खिशांत घातले तर उल्हास जिंकणार होता. एक जरी चुकला तरी सामना रियाजचा.

पांढरा चेंडू अडचणीत होता. काळा त्याला जवळजवळ बिलगलेला. निळ्यावर नेम धरायचा तर उल्हासला डाव्या हाताची बोटं काळ्याच्या पलीकडे उंच टेकवून, मनगट काळ्याच्या वरून न्यावं लागणार होतं. अशा वेळी पंचानं वाकून त्या मनगटाखाली बघायचं असतं. मी एक पाऊल टाकलं. कॅमेऱ्यामागून नंदिनीनं हात वर केला. मी पायाखालची पट्टी बघितली आणि मागे झालो.

उल्हास वाकला. क्यू मागेपुढे झाला. आणि काळा चेंडू हलला.

हलला असं मला वाटलं. जागा सोडली नाही त्यानं; नुसता डुलला आणि पुन्हा स्थिर झाला. दिव्याचं प्रतिबिंब हललं असेल, माझे डोळे चुरचुरत होते म्हणून तसं दिसलं असेल. पण उल्हास फटका न मारता सरळ झाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला हायसं वाटलं, कारण आता तो सांगणार हे मला ठाऊक होतं.

त्यानं क्यू टेकवला नाही.

मी ओठांतल्या ओठांत विचारलं, "लागलं का?"

त्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती. रियाज कोपऱ्यात खुर्चीवर मान खाली घालून खडू न्याहाळत होता; समोरचा खेळत असताना तो टेबलाकडे बघतच नसे.

"नाही," उल्हास म्हणाला.

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो? माझे डोळे आणि उल्हासचा शब्द, यांत मी कशावर विश्वास ठेवावा, असा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

तो पुन्हा वाकला. निळा गेला. गुलाबी गेला. काळा तर इतका सुरेख गेला, की दिवेवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. रियाजनं उठून उल्हासचा हात हातात घेतला, मग माझाही घेतला. त्याचा हात गार होता.

दोन दिवसांनी उल्हास आमच्या घरी आला. जिंकल्यापासून त्याच्या चालण्यात तरुणपण आलं होतं.

"वामन, शब्द दे," तो बसताबसता म्हणाला. "त्यांना समालोचन मराठीत हवंय आणि ते मीच करायचंय. चित्र बघत बोलायचं. मी या खेळाचा विचार इंग्रजीत करतो रे. तोंडातून मराठी निघत नाही."

माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा दिवस होता, हे कबूल करायला हवं. शब्द हे माझं एकुलतं भांडवल, आणि ते आजवर कुणी मागितलं नव्हतं. आम्ही दुपारभर बसलो. चेंडू कडेला बिलगलाय म्हण. पांढरा दडवून ठेवला म्हण. हळुवार फटका. निसटता स्पर्श. रेफ्री नको, पंच म्हण. 'पंचांचा शब्द अखेरचा' हे कानाला बरं लागतं. तो प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणून बघत होता. नलिनीनं थालीपिठं लावली.

"वहिनी, या लोण्यासाठी मी सामनासुद्धा सोडला असता," उल्हास म्हणाला.

"बरं झालं नाही सोडलात," नलिनी म्हणाली. "नाहीतर आमच्या ह्यांना टीव्हीवर कोण बघणार होतं?"

जाताना दारात तो थोडा घुटमळला. "तुझी नजर कशी आहे आता?" त्यानं विचारलं.

"ठीक आहे. का?"

"सहज. चष्मा तपासून घे एकदा. वय होतंय आपलं."

मी खरोखरच चष्मा तपासून घेतला. नंबर बदलला नव्हता.

प्रक्षेपण रविवारी सकाळी होतं. जिमखान्यानं मोठा टीव्ही आणला, खुर्च्या मांडल्या, बटाटेवडे सांगितले. रियाजलाही बोलावलं होतं. तो पहाटेच्या एस.टी.नं आला आणि मागच्या रांगेत बसला. उल्हास पुढे, सेक्रेटरींच्या शेजारी. त्यानं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

पडद्यावरची आमची खोली मला ओळखू येईना. हिरवं कापड इतकं हिरवं कधी नव्हतं. उल्हासचा आवाज सुरू झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिलगलेला, दडवलेला, हळुवार: माझे शब्द एकेक करून त्या भारदस्त आवाजात येत होते. मी मान खाली घालून, लाजत, ऐकत होतो.

मग शेवटचा डाव आला. उल्हास निळ्यासाठी वाकला. आणि चित्र बदललं. टेबलाच्या बरोबर वर, छताला टांगलेला एक कॅमेरा होता. त्यातून, अगदी संथ गतीनं, सगळ्यांनी पाहिलं: पांढरा कफ काळ्या चेंडूवर टेकला, चेंडू डुलला, थांबला.

खोलीत कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

"इथे," पडद्यावरचा उल्हासचा आवाज म्हणाला, "माझ्या बाहीचा काळ्याला निसटता स्पर्श झाला, असं मला वाटलं. मी लगेच थांबलो. पंचांकडे पाहिलं. आणि बघा, पंचांनी मान डोलावली. खेळा म्हणाले. आता पंचांचा शब्द अखेरचा."

आणि चित्रात तेच दिसत होतं. उल्हासची पाठ. तो सरळ होतो, थांबतो. समोर मी, पांढऱ्या हातमोज्यांत, पट्टीच्या मागे. माझे ओठ हलतात. मी मान डोलावतो. उल्हास वाकतो. आमचा आवाज त्यात नव्हताच. त्या जागी मंद सतार वाजत होती.

मी उल्हासकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता.

कार्यक्रम संपल्यावर लोक माझ्याशी फार चांगले वागले. सेक्रेटरी म्हणाले, "टिपणीस, मनाला लावून घेऊ नका. केवढासा तो स्पर्श." कुणीतरी म्हणालं, "दिघे थांबले हे विशेष. आजकाल कोण थांबतं?" उल्हासनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वामनला कुणी काही बोलायचं नाही. तो नसता तर मी हा सामना खेळलोच नसतो."

मी उठून मागच्या व्हरांड्यात गेलो. थोड्या वेळानं तो आला. सिगरेट पेटवली.

"मी विचारलं होतं," मी म्हणालो.

"हळू बोल."

"लागलं का, विचारलं. तू नाही म्हणालास."

"म्हणालो." त्यानं धूर सोडला. "तोंडातून गेलं, वामन. शपथेवर सांगतो. सरळ झालो तेव्हा 'लागलं'च म्हणणार होतो. पण तू विचारलंस. तुला मला कधी विचारावं लागलं नव्हतं. आणि तू विचारतोयस म्हणजे तुला दिसलेलं नाही, हे मला कळलं."

"आणि हे? हे जे तू आज बोललास?"

"स्टुडिओत त्या बाईनं ते पुन्हा पुन्हा लावलं. सर, हे काय आहे? सर, हे तर भन्नाट आहे, लोक खिळून बसतील! सगळे माझ्याकडे बघतायत. काय सांगायचं होतं मी? समोर तू मान डोलावताना दिसत होतास. जे दिसत होतं ते बोललो."

"चष्म्याचं विचारलंस तेव्हाच ठरवलं होतंस?"

त्यानं सिगरेटची राख झटकली. आतून बटाटेवड्यांचा वास येत होता.

"नंदिनीबाई मुंबईचा पंच आणणार होत्या," मी म्हणालो. "तूच माझं नाव पुढे केलंस. मला वाटलं..."

"तुझं काय जातंय यात?" तो एकदम चिडला. "तुला कुठे जायचंय? लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. माझं बघ की. बावन्न वर्षांचा झालो. इतकी वर्षं 'लागलं, लागलं' करत खुर्चीत जाऊन बसलो. राज्याचं विजेतेपद घालवलं. कोणी बघितलं? सांग ना, कोणी बघितलं?"

"मी बघितलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग गेला होता. मला वाटतं, त्याला माझी दया येत होती.

"मी लोकांबद्दल बोलतोय, वामन," तो म्हणाला.

आतून कुणीतरी हाक मारली, "दिघेसाहेब, फोटो!" त्यानं सिगरेट कठड्यावर विझवली, कफ नीट केले आणि आत गेला.

मी वाचनालयाच्या बाजूनं बाहेर पडलो. फाटकाशी रियाज रिक्षाची वाट बघत उभा होता. हातात क्यूची लांब पेटी. मला बघून त्यानं ती खाली ठेवली.

"निघालास? फोटोला नाही थांबलास?"

"एस.टी. चुकेल सर." मग म्हणाला, "सर, वाईट वाटून घेऊ नका. चूक कुणाचीही होते. मी तर बघतही नव्हतो."

मी रस्त्याकडे बघितलं.

"आणि दिघे सर थांबले तरी," तो म्हणाला. "आमच्याकडे कुणी थांबलं नसतं. मी पोरांना सांगणार आहे. एवढा मोठा माणूस, जिंकायची वेळ, तरी थांबून विचारलं त्यांनी."

रस्त्यावर रिक्षा दिसत नव्हती. मला सांगायलाच हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, पण याला. इंग्लंडला जायचं होतं ते यानं. मी घसा साफ केला. माझा आवाज, मला वाटतं, त्या वेळी तरी पुरेसा मोठा निघाला.

"रियाज, त्यांनी विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं. लागलं का, म्हणून. ते नाही म्हणाले."

त्यानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या चष्म्याकडे, पांढऱ्या केसांकडे. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून नको ते निघालं, की घरातली समंजस मुलं जशी बघतात तसं. मग तो पुढे झाला, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि पेटी उचलली.

"असू दे सर," तो म्हणाला. "असू दे."